सुमनचं फ्रेंच आणि माझे वाल

वरच्या मजल्यावरची मुलगी सकाळी सहापासून घोकते आहे. मार्च लागला की या इमारतीत कुणी ना कुणी घोकत असतंच. आज कसला विषय आहे मला माहीत नाही, इंग्रजीत आहे एवढं समजतं. पण तिला त्यातलं निम्मं उमगलेलं नाही, हे मला इथे खाली मोरीत भांडी विसळताना कळतं. ज्याला उमगलेलं असतं तो मुद्दा संपला की श्वास घेतो. ज्याला नसतं तो ओळ संपली की घेतो, मग वाक्य मध्येच लोंबकळत का राहीना. ही मुलगी ओळीओळीला श्वास घेते आहे. वर जाऊन सांगावं असं मनात आलं, पण तिची आई म्हणेल, आजी, तुमचं आपलं काहीतरीच. म्हणून गेले नाही.

एके काळी सांगायचे. याच जागेवर चाळ होती तेव्हा. कॉलेजच्या मुली माझ्या स्वयंपाकघरात बसून फ्रेंच वाचायच्या आणि मी चौथी पास बाई त्यांना म्हणायचे, "पुन्हा वाच." आणि त्या पुन्हा वाचायच्या.

हे सगळं सुमनमुळे. सुमन माझी नणंद. लग्न होऊन मी अंधेरीला आले त्याच वर्षी ह्यांनी तिला मालवणकडच्या आमच्या गावाहून शिकायला आणली. बारा वर्षांची, कमरेएवढ्या दोन वेण्या आणि कामाचा कंटाळा. कॉलेजात गेली तेव्हा तिने फ्रेंच घेतलं. लोकांना वाटायचं, केवढी हुशार मुलगी, काय निवड केली! खरं कारण मला माहीत आहे. फ्रेंचचा वर्ग सकाळी सातला असायचा आणि आमच्या चाळीत पाणी पावणेसातला यायचं. पाणी भरायचं टाळायला तिने फ्रेंच घेतलं. पुढे तिला मोठमोठ्या लोकांनी विचारलं, या भाषेकडे कशा वळलात? तेव्हा ती काहीबाही छान सांगायची. मी समोर असले की माझ्याकडे बघायची नाही.

पण लागली ती गोडी खरी लागली. रात्रंदिवस पुटपुटायची. भाजी निवडताना, वेणी घालताना. एम.ए.ला होती तेव्हा तिला कुणीतरी ऐकणारं लागायचं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "माका त्यातला काय कळता?" आणि चप्पल घालून बाहेर गेले. मग उरले मी. मी मासे साफ करत बसायचे आणि ती समोर उभी राहून वाचायची. एक दिवस मी म्हटलं, "सुमन, हे जे आता वाचलंस ना, ते तुलाच कळलेलं नाही."

ती चिडली. "तुला काय माहीत? तुला एक शब्द येत नाही."

"म्हणूनच. मला शब्द आला असता तर मी शब्द ऐकला असता."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आली. जेवण झाल्यावर म्हणाली, "वहिनी, काल तू म्हणालीस तिथे मी अर्थ उलटा घेतला होता." मला त्यात काही नवल वाटलं नाही. गावाला सासरे श्रावणात पोथी लावायचे. वाचायला चारपाच जण असायचे. कोण वाचतोय आणि कोण नुसता पानं संपवतोय, हे बाहेर पडवीत बसलेल्या बायकांना बरोबर समजायचं. यात अक्कल काही नाही, कान लागतो.

सुमन मास्तरीण झाली तेव्हा तिने ही आमच्या घरची रीत वर्गात नेली. मुलींना सांगायची, तोंडी परीक्षेच्या आधी एकदा माझ्या वहिनीसमोर वाचून दाखवा. वहिनीला फ्रेंच येत नाही. तिने पुन्हा वाच म्हटलं की समजायचं, तिथे तुमचं कच्चं आहे. तोंडी परीक्षा मार्चच्या शेवटी असायची. म्हणजे होळीनंतर आमच्याकडे मुलींची रीघ. फार नाही, तिघीचौघी. फ्रेंच वाङ्मय घेऊन बी.ए. करणाऱ्या असतात किती!

डोक्यावरून विमानं जायची. एवढी खाली की तांब्यातलं पाणी थरथरायचं. विमान आलं की मुलगी वाचता वाचता थांबायची, ते गेलं की पुढे सुरू. चाळीतल्या बायकांची समजूत अशी, की फ्रेंच शिकतात ते विमानात नोकरी मिळवायला. शेजारीण मला विचारायची, "तुमची सुमन अजून विमानात कशी चढली नाही?" मी म्हणायचे, "ती शिकवते. चढणाऱ्यांना शिकवते." एवढ्याने तिचं समाधान व्हायचं.

नुसती वाचायला बसलेली मुलगी पुस्तकाला चिकटते. मान खाली, बोट ओळीवर. मला ते चालायचं नाही. म्हणून मी त्यांच्या हातात काम द्यायचे. वाल. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून सोलायचे असतात, बिरडं करायला. सोपं काम, चिमटीत धरून दाबलं की दाणा सालीतून सुळकन बाहेर येतो. त्यात बोटं गुंतली की डोळे पुस्तकावरून उठतात. मुली एक वाक्य बघायच्या आणि वर मान करून म्हणायच्या. पाठ करून म्हणत असतील तर हात थांबायचे. समजून म्हणत असतील तर हात चालू राहायचे. मला ऐकायला सोपं जायचं आणि बिरडंही व्हायचं. दोन्ही कामं. मला त्यात काही चूक दिसली नाही.

बेनिता नावाची एक मुलगी होती, मनोरीची. सकाळी होडीने मार्व्याला यायची, तिथून बस, मग गाडी. अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास घेऊनच वर्गात शिरायची म्हणे. वाल सोलण्यात तिचा हात कुणी धरला नाही. एकदा सुमन त्यांना सांगत होती की फ्रान्समधली माणसं रविवारी दुपारी कशी जेवतात. परीक्षेत हे विचारतात, ती लोकं काय खातात, कशी बसतात, आधी काय, नंतर काय. सुमन म्हणाली, "पाव ते लोक सुरीने कापत बसत नाहीत, हाताने तोडतात. ताटलीत उरलेला रस पावाने पुसून घेतात."

बेनिता म्हणाली, "मॅडम, हे तर आमचे पप्पा. यात शिकायचं काय?"

सगळ्या हसल्या. सुमनसुद्धा. मग सुमन जेवणानंतरच्या चीजबद्दल सांगू लागली. किती प्रकारचं, कुठलं मऊ, कुठल्याचा वास उग्र. मी मध्येच विचारलं, "तू खाल्लंयस?"

"नाही गं."

"मग एवढं कसं सांगतेस?"

"वाचून," ती म्हणाली. जरा ओशाळली. पण मी टोमणा मारला नव्हता. मला खरंच नवल वाटलं होतं, की न खाल्लेल्या वस्तूचा वास ही पोरगी समोरच्याच्या नाकापर्यंत पोचवते.

पॅरिसही असंच शिकवलं. गॅलरीत खडूने नकाशा काढायची. मोरीचं पाणी वाहून जायची नाली होती, ती नदी. नालीच्या अलीकडे हे, पलीकडे ते, शेजाऱ्यांच्या पिंपाजवळ मोठं देऊळ. मुलींना उभं करून सांगायची, आता तू स्टेशनावर उतरलीस, बाजारात जायचंय, कुणाला तरी रस्ता विचार. मुली चालत चालत रस्ता विचारायच्या, दुसरी सांगायची, डावीकडे वळा, पूल ओलांडा. पूल म्हणजे नालीवरची फळी. चाळीतली पोरं संध्याकाळी त्याच रेघांवर लंगडी घालायची. पुष्कळ वर्षांनी, चाळीस उलटल्यावर, सुमनला महिन्याभरासाठी तिकडे पाठवलं होतं. परत आली तेव्हा मी विचारलं, "कसं होतं?" म्हणाली, "कुठे चुकले नाही." मला हे उत्तर फार आवडलं. बाकी तिने फोटो दाखवले ते मी एकदाच बघितले.

पण मी सांगते आहे त्या दिवसांत तिला तिकडे कोण पाठवणार होतं? नोकरीच पक्की नव्हती. हंगामी. जूनमध्ये कॉलेज कागद द्यायचं आणि परीक्षा संपल्या की तो कागद संपायचा. मे महिना बिनपगारी. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, कोण जाणे. सात वर्षं असं चाललं. परीक्षा मुलींच्या असायच्या, पण मार्चमध्ये जेवण कमी व्हायचं ते सुमनचं. लग्न तिने केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमचं त्यावाचून अडलं नाही.

सातव्या वर्षी कळलं, जागा पक्की होणार. मे महिन्यात मुलाखती. अर्ज बाहेरूनही येणार होते. निवड सुमनची झाली तर साठीपर्यंत चिंता नाही. दुसऱ्या कुणाची झाली तर हंगामीही गेली, कारण त्या जागेवर तो माणूस बसणार. सुमनला हे पक्कं ठाऊक होतं, मलाही होतं. घरात कुणी बोलत नव्हतं एवढंच.

आणि त्याच मार्चमध्ये माझी जीभ नडली.

केतकी म्हणून एक मुलगी घाटकोपरहून यायची. हुशार, पण घाईची. तिचे वडील कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. एक दिवस ते तिला न्यायला आमच्या चाळीत आले. दार उघडंच होतं. बघतात तर त्यांची मुलगी जमिनीवर मांडी घालून वाल सोलते आहे. पुस्तक पाटावर उपडं. सुमन घरात नव्हती, खाली दळण आणायला गेली होती.

ते दारातूनच म्हणाले, "केतकी, ऊठ. मी तुला इथे शिकायला पाठवतो की मोलकरणीची कामं करायला?"

आता इथे कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, या, बसा, पाणी घ्या. मी म्हटलं, "साहेब, एक वाटी वाल सोलायला तिला पाऊण तास लागला. मोलकरीण म्हणून मी तिला ठेवली नसती."

बेनिता फसकन हसली. त्याने आणखी बिघडलं. ते गृहस्थ लाल झाले, मुलीचा हात धरला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर तक्रारीचं पत्र. प्राध्यापिका विद्यार्थिनींकडून घरकाम करून घेतात. घरातली अशिक्षित बाई त्यांचा अपमान करते.

सुमन घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "वहिनी, तुला गप्प बसता येत नाही का गं?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी चार शब्द बोलून मोकळी झाले असते. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. वाढलेलं जेवायची, उठायची. ह्यांनी मला विचारलं, "काय झाला?" मी सांगितलं. हे म्हणाले, "बोललंस ता खोटा नाय. पण कोणासमोर बोललंस?" ह्यांना सहसा तंट्यात पडायची सवय नव्हती, तेही बोलले म्हणजे माझं खरंच चुकलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी धुतलेलं लुगडं नेसले आणि सुमनला न सांगता कॉलेजात गेले. शिपायाने विचारलं, कुणाची आई? मी म्हटलं, कुणाची नाही, तक्रार माझ्यावर आहे. त्याने मला सरळ आत नेलं.

प्राचार्य वयस्क होते, केस पांढरे, खुर्चीला टॉवेल लावलेला. मी उभ्यानेच सांगितलं, "सर, वाल मी दिले. सुमनने नाही. ती घरात नसताना दिले, असतानाही दिले. बोलले तेही मीच."

ते म्हणाले, "बसा. मला एक सांगा, तुम्हाला फ्रेंच येतं?"

"नाही."

"मग मुली तुमच्यासमोर का वाचतात?"

मी त्यांना श्वासाचं सांगितलं. हात चालू राहण्याचं सांगितलं. ते ऐकत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी ते पत्र उचललं. इंग्रजीत टाइप केलेलं होतं. "यात काय लिहिलंय ते तुम्हाला कळायला हवं," म्हणाले आणि वाचायला लागले. मी ऐकत राहिले. वाचून झाल्यावर मराठीत सांगणार तेवढ्यात मी म्हटलं, "सर, मध्ये एका जागी तुमचा आवाज हलला. तिथे काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला. पत्राकडे बघितलं. "तिथे," ते म्हणाले, "तुम्ही पाऊण तासाबद्दल जे बोललात, ते लिहिलंय." आणि मग त्यांना हसू आवरेना. शिपाई दारातून डोकावला.

हसून झाल्यावर मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, "बाई, मला हसून चालत नाही. पत्र फाइलला लागलंय. मेमध्ये समितीपुढे ती फाइल जाणार. तक्रार करणाऱ्यानेच मागे घेतली तर गोष्ट वेगळी. आणि यापुढे मुलींना घरी बोलावणं बंद. वाचायचं ते इथे, वर्गात." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

माफी मागायची मला सवय नाही. कुणाच्या पाया पडले असेन तर देवाच्या आणि सासूच्या, तेही सणाला. पण तोंडी परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ऊन चढत होतं. आत मुली झाडाखाली पुटपुटत फिरत होत्या. केतकीचे वडील तिला सोडायला आले होते आणि ती आत गेल्यावरही तिथेच थांबले होते. हातात तिची पाण्याची बाटली राहिली होती. ती द्यायला आत जावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी पुढे झाले. "साहेब, मी बोलले ते चुकलं. तुमच्या मुलीला न विचारता काम दिलं तेही चुकलं. सुमनचा यात काही संबंध नाही. राग माझ्यावर ठेवा."

त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, संपलं. मी परत फिरले तसं ते मागून म्हणाले, "अहो बाई."

"काय?"

"तुम्ही तिचं ऐकत होतात ना. जमेल का हो तिला?"

मी त्या माणसाकडे नीट बघितलं. कॉलर घामाने भिजलेली होती. दोन रात्री झोपला नसावा. मुलगी काय शिकते आहे यातलं त्यालाही एक अक्षर कळत नव्हतं, माझ्याइतकंच. फरक एवढाच की मी तिच्यासमोर बसून ऐकलं होतं आणि त्याला कुणी ऐकायला बसवलं नव्हतं.

खोटं बोलून धीर द्यायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "घाई करते. दोन ठिकाणी घाईत अडकेल. पण तिला कळलंय. कळल्याशिवाय वाचत नाही ती."

"कळलंय?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "घरी तिची आई पण हेच म्हणते, घाई करते." एवढंच बोलणं झालं. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, ती बाहेर येईपर्यंत. बाहेर आली ती आधी मला बघून दचकली, मग म्हणाली, "वहिनी, दोनदा अडकले." तिचे वडील माझ्याकडे बघायला लागले. मी फाटकाकडे बघितलं.

तक्रार त्यांनी मागे घेतली. चारच दिवसांनी. दोन ओळींचं पत्र होतं म्हणे, गैरसमज झाला होता असं. सुमनने मला ते सांगितलं तेव्हा ती गादीच्या खोळी शिवत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "फाटकाशी उभी होतीस म्हणे, तीन तास."

"कोण म्हणतं?"

"उन्हात कशाला उभं राहायचं? आत बाक आहेत."

आमच्यात एवढंच झालं. पण त्या संध्याकाळपासून ती पुन्हा जेवताना बोलायला लागली.

मे महिना नेहमीसारखा गेला, म्हणजे वाईट. आंबे महाग, पंखा बंद पडलेला. मुलाखत झाली. सुमन म्हणाली, बरी झाली. कशी बरी, ते सांगेना. समितीतल्या एकाने विचारलं होतं, न पाहिलेल्या देशाची संस्कृती तुम्ही कशी शिकवता? तिने काय उत्तर दिलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. आता बोरिवलीला तिच्या स्वतःच्या घरात असते, रिटायर होऊन वर्षं झाली. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली कुठे कुठे शिकवतात. बेनिताही शिकवते. रविवारी फोनवर आम्ही गुडघ्यांविषयी बोलतो, मासळीच्या भावाविषयी बोलतो. एखाद्या रविवारी विचारीन.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती अकरा वाजताच घरी आली. मी म्हटलं, बरं नाही का? तिने पर्समधून लांब पाकीट काढून माझ्या हातात दिलं. इंग्रजीत होतं. मला वाचता येत नाही हे ती विसरली, आणि मीही उघडून त्याच्याकडे बघत राहिले. शिक्का होता, सही होती. मी विचारलं, "पक्की?" ती म्हणाली, "पक्की."

मग ती साडी न बदलता चटईवर आडवी झाली आणि झोपली.

मी सुमनला दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. तापातही ती पुस्तक घेऊन बसायची. आता तोंड जरासं उघडं, एक हात डोक्याखाली, पाय दारापर्यंत. जेवायला उठवलं नाही. दुपारी शेजारीण साखर मागायला आली, तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. बोहारीण आली, तिला जिन्यातूनच परत पाठवलं. तीन वाजता बेनिता आली, कुठून तरी बातमी कळली होती, हातात पेढ्यांचा पुडा. मी ओठावर बोट ठेवलं. ती आत डोकावली, मॅडमना तशी झोपलेली बघून तिचे डोळे मोठे झाले. पुडा ठेवून पायऱ्या चपला हातात घेऊन उतरली.

सहाच्या सुमाराला सुमन दचकून उठून बसली.

"वहिनी, किती वाजले? उठवलं का नाहीस?"

"कशाला उठवू?"

"अगं, उद्याची तयारी करायचीय. वर्ग आहे."

"उद्या आहे, परवा आहे, पुढच्या मेमध्येही आहे," मी म्हटलं. "झोप."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुशीवर वळली आणि खरोखरच परत झोपली. खोलीत अंधार व्हायला लागला होता. मी दिवा लावला नाही. ह्यांची यायची वेळ झाली, तेव्हा मी उठून दाराबाहेर गेले, जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे मला बघून हे नेहमीसारखे आल्याची वर्दी द्यायला खोकणार नाहीत.